पाच दिवसांत बेटाची प्रदक्षिणा? माझा रिव्ह्यू : रिजेक्टेड!

शुक्रवारी रात्री अकरा वाजता एका जुन्या मित्राची मेल आली. विषय : 'आइसलँड_फायनल_व्ही७, प्लीज रिव्ह्यू'. आत एक एक्सेल शीट. मित्र हाडाचा प्रोजेक्ट मॅनेजर आहे (हापिसातही आणि घरीही!), त्यामुळे ह्या लेखापुरतं त्याला आपण मॅनेजरच म्हणू. दिवाळीच्या रजेत तो, त्याची बायको आणि त्याचे आई-बाबा असे चौघं आइसलँडला निघालेत. आई-बाबांची ही पहिलीच परदेशवारी. मी काही वर्षांपूर्वी जर्मनीत ऑनसाइट असताना तिथे जाऊन आलोय, म्हणून 'जरा नजर टाक' असं फर्मान.

शीट उघडली आणि मी हबकलोच. काय ती रंगसंगती, काय ते फॉर्म्युले! धबधबे निळ्यात, हॉटेलं हिरव्यात, पेट्रोल पंप लाल रंगात. प्रत्येक ठिकाणाला मिनिटं वाटून दिलेली. स्कोगाफोस धबधबा : २५ मिनिटं. काळी वाळू : २० मिनिटं. हिमनगांचं तळं : ३० मिनिटं. रोज रात्री वेगळं हॉटेल आणि सगळी बुकिंग नॉन-रिफंडेबल, कारण ती स्वस्त पडतात. पाच दिवसांत अख्ख्या बेटाला एक पूर्ण वळसा, आणि पाचव्या दिवशी सकाळी आकुरेरीहून निघून संध्याकाळचं परतीचं विमान.

मी फोन करून म्हटलं, "बाबा रे, हे जमणार नाही." तो म्हणाला, "गुगल मॅप्स जमतं म्हणतंय. तू म्हातारा झालायस." फोनवर वाद घालण्यात तो मला कधीच हार जात नाही, म्हणून हा वीकांताचा लेख. शिवाय हा आजार त्याच्या एकट्याचा नाही. आपण सगळेच सहलीची आखणी हापिसातल्या डेडलाइनसारखी करायला लागलोय. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : ज्या योजनेत एकही दिवस रिकामा नाही ती योजनाच नव्हे, ती नुसती यादी आहे. आणि धगधगत्या ज्वालामुखींच्या बेटावर अशी यादी घेऊन जाणं हा धीटपणा नाही, शुद्ध बेफिकिरी आहे.

गणित चुकतं कुठे?

मॅनेजरचं गणित वरवर बघता बरोबर आहे. आइसलँडचा रिंग रोड, म्हणजे तिथला राष्ट्रीय रस्ता क्रमांक १, साधारण १३२२ किलोमीटरचा. भागिले पाच, म्हणजे दिवसाला २६५ किमी. आपण पुणे-गोवा एका दमात मारतो, मग २६५ म्हणजे किस झाड की पत्ती?

आता हे बघा. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९०, आणि खडीच्या रस्त्यावर ८०. शहरं सोडली तर बहुतेक ठिकाणी जायला एक आणि यायला एक अशा दोनच लेन. मधेमधे एकेरी पूल, ज्यावर एका वेळी एकाच बाजूची गाडी जाऊ शकते. जो पुलाजवळ आधी पोचला त्याने आधी जायचं. टेकाडामागून काय येतंय ते दिसत नाही. त्यातून मंडळी निघालीत नोव्हेंबरच्या सुरवातीला, जेव्हा तिथे उजेड असतो जेमतेम सात-आठ तास. म्हणजे २६५ किमीला थांबत-थांबत साडेचार-पाच तास धरले, तर उजेडातले उरतात दोन-तीन. त्या दोन-तीन तासांत शीटमध्ये रोज सात-सात ठिकाणं कोंबली आहेत. साठ-बासष्टीच्या आई-बाबांनी जाडजूड जॅकेटं चढवायची, गाडीतून उतरायचं, निसरड्या वाटेने धबधब्यापर्यंत जायचं, फोटो काढायचा आणि पंचवीस मिनिटांत परत! अहो, आमच्या घरी आईला मंडईतून बाहेर काढायला ह्याहून जास्त वेळ लागतो.

आणि हे सगळं कधी? हवा चांगली असेल तर! त्या 'तर'ला शीटमध्ये रकानाच नाही.

हा रस्ता पक्का नाही, कारण जमीनच पक्की नाही

इथे मला एका पुलाची गोष्ट सांगायलाच हवी. आइसलँडवर माणसं अकराशे वर्षांपासून राहताहेत, पण बेटाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता तयार झाला १९७४ साली. अडलं होतं ते दक्षिणेला, स्केइदारारसांदुर नावाच्या एका अफाट काळ्या वाळवंटापाशी. वर वात्नायोकुल हा प्रचंड हिमनदांचा पसारा, त्याच्या पोटात ज्वालामुखी. खाली आग पेटली की वरचा बर्फ वितळतो, पाणी साठत जातं आणि एक दिवस सगळं एकदम खाली येतं. अशा जागी पूल बांधणार कसा? शेवटी बांधला. ८८० मीटर लांब, देशातला सगळ्यात मोठा. रिंग पूर्ण झाली.

१९९६ च्या सप्टेंबरअखेर त्या बर्फाखाली उद्रेक झाला. पाणी साठत राहिलं, आणि ५ नोव्हेंबरला फुटलं. ऐन भरात सेकंदाला ४५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी, त्यातून घराएवढे हिमखंड. शेजारचा एक पूल पूर्ण गेला, ह्या मोठ्या पुलाचाही काही भाग गेला, रस्ता मैलोन् मैल धुऊन निघाला. त्या पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. मी त्या बघितल्यात. जाड पोलाद, आणि पीळ मात्र ओला टॉवेल पिळल्यासारखा!

माणूस मात्र एकही दगावला नाही. का? कारण पूर येणार, फक्त कधी ते माहीत नाही, हे धरून सगळे महिनाभर वाट बघत होते.

गंमत पुढेच आहे. पूल दुरुस्त झाला, आणि २००९ मध्ये नदीनेच पात्र बदललं. हिमनदी मागे सरकली, पाणी पश्चिमेच्या दुसऱ्या नदीला जाऊन मिळालं आणि देशातला सगळ्यात लांब पूल जवळजवळ कोरड्यावर उभा राहिला. २०१७ मध्ये त्याच्या जागी एक छोटा पूल आला. म्हणजे पूल जिथल्या तिथे, नदीच राजीनामा देऊन गेली :)

'हे काय रोज होतं का?' असं मॅनेजर विचारणार, म्हणून यादीच देतो. २०१० : एयाफ्यात्लायोकुलच्या राखेने युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर. जुलै २०११ : कात्लाखालून आलेल्या पुरात मूलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला, ऐन पर्यटनाच्या हंगामात रिंग रोड तुटला, तात्पुरता पूल होईपर्यंत आठवडाभर माणसं आणि गाड्या मोठाल्या ट्रकांनी नदीपार नेल्या. नोव्हेंबर २०२३ : ग्रिंडाविक गावातल्या सुमारे पावणेचार हजार माणसांना एका रात्रीत घरं सोडायला लागली, त्यानंतर त्या भागात उद्रेकांची रांगच लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाव्हा ब्लू लगूनच्या पार्किंगवर येऊन बसला. (मॅनेजरच्या शीटमध्ये पहिला दिवस, दुपारी दोन : ब्लू लगून, ९० मिनिटं. ॲडव्हान्स बुकिंग झालेलं.)

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. उलट आहे. तिथले लोक ह्या सगळ्यासकट मजेत राहतात, कारण त्यांनी बेटाशी एक समजूत करून घेतली आहे. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. रस्ते खातं प्रत्येक रस्त्याची अवस्था नकाशावर दाखवतं, बंद करायचा असेल तेव्हा बेधडक बंद करतं आणि धोका टळला की उघडतं. कोणी त्यांच्या नावाने खडे फोडत नाही. निरोप येत असतो, प्रश्न इतकाच की तुमच्या योजनेला कान आहेत का? व्ही७ ठार बहिरी आहे.

आता माझी कबुली

एवढा शहाणपणा मला कुठून आला? अर्थातच माती खाऊन.

आम्ही हापिसातले चौघं सप्टेंबरअखेर गेलो होतो. सहा दिवसांत रिंग. शीट मीच बनवली होती, आणि व्ही७ पेक्षा रंगीत होती! तिसऱ्या दिवशी किर्क्युबायरक्लॉयस्तुरला (तिथले लोक नुसतं 'क्लॉयस्तुर' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा) पोचलो, तर पुढचा रस्ता वाऱ्यामुळे बंद. फलकावर 'लोकाद', म्हणजे बंद. आभाळ लख्ख निळं, ऊन पडलेलं, आणि रस्ता बंद! आम्हाला वाटलं चेष्टा आहे. पंपावर कॉफी आणायला एकाने गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते त्याच्या हातातून हिसकावून पार उलटं फिरवलं. बिजागरं वाकली. त्यानंतर ते दार लावायला दर वेळी दोन माणसं लागायची. वाऱ्याने मोडलेलं दार आमच्या विम्यात बसत नव्हतं (कागदात स्पष्ट लिहिलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं), त्यामुळे बिल चौघांत वाटून घेतलं. त्या रात्रीचं हॉप्नचं हॉटेल पैसे भरून रिकामं राहिलं आणि क्लॉयस्तुरला मिळेल त्या भावाने खोली घेतली.

इथपर्यंत सगळं विनोदी आहे, पार्टीत सांगण्यासारखं. पुढचं मी घरी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. माझ्या शीटमध्ये रिकामा दिवस नव्हता, म्हणून दोन दिवसांचा रस्ता एका दिवसात 'कव्हर' करायचं ठरलं. क्लॉयस्तुर ते एगिलस्टाडिर, साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. ज्या हिमनगांच्या तळ्यासाठी आम्ही मुळात निघालो होतो त्या योकुल्सारलोनला आम्ही सतरा मिनिटं होतो. हा आकडा अंदाजाने सांगत नाहीये, पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ बघून काढलाय. संध्याकाळी पूर्वेकडच्या फ्योर्डांमध्ये शिरलो तेव्हा अंधार झाला होता, पाऊस लागला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि स्टिअरिंगवर मी. आणि माझा डोळा लागला.

किती वेळ? एक सेकंद, दोन सेकंद. शेजारचा ओरडला म्हणून जागा झालो. गाडी समोरून येणाऱ्या लेनमध्ये गेली होती. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हतं.

त्या रात्री हॉटेलात कोणी काही बोललं नाही. मला वाऱ्याने झोपवलं नव्हतं, पावसानेही नाही. मला माझ्या एक्सेल शीटने झोपवलं होतं. तेव्हापासून कोणी 'एवढं कव्हर करू' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

'एवढे पैसे घालून जातोय, परत कोण जाणार?' हे सगळ्यात लाडकं कारण. अगदी मान्य, परत जाणं होणार नाही. म्हणूनच तर! एकदाच जेवायला मिळणार असेल तर पंगतीत बावीस पदार्थ नुसते बोट लावून उठणार का? आई-बाबांना घरी आल्यावर काय आठवेल? 'बर्फाच्या तळ्याकाठी आम्ही दुपारभर बसलो होतो, सील दिसला,' हे. की गाडीची काच?

'रजाच पाच दिवसांची आहे.' मग पाच दिवसांचं बेट बघा. पूर्ण वळसा घातलाच पाहिजे असा कायदा नाही. रिंग रोड ही रस्ते खात्याची सोय आहे, नवस नव्हे.

'अमुक लोक पाच दिवसांत करून आले.' आले असतील. आम्हीसुद्धा 'करून आलो'च की! आमचे फोटो बघून कोणालाही वाटेल, काय भारी ट्रिप झाली. मोडलेल्या दाराचा आणि त्या दोन सेकंदांचा फोटो कोणी टाकत नाही.

'व्हिसासाठी दिवसवार आखणी आणि बुकिंग द्यावं लागतं.' द्यावं लागतं, आणि खरं तेच द्या. पण 'दिवस चौथा : मुक्काम तिथेच' हीसुद्धा आखणीच असते. रद्द करता येणारं बुकिंग हेसुद्धा बुकिंगच असतं. थोडे पैसे जास्त पडतात, त्याला हवामानाचा विमा समजा.

आणि 'काही झालंच तर बचाव पथक येतं ना!' हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. येतं. नक्की येतं. पण ते कोण असतं ते ऐका. तिथल्या बचाव पथकांतली माणसं पगारी नसतात, स्वयंसेवक असतात. कोणी सुतार, कोणी मास्तर, कोणी आपल्यासारखा कोडर. पथकांचा खर्च देणग्यांतून आणि नववर्षाला फटाके विकून निघतो. वादळात जेवणाच्या ताटावरून उठून ते कोणाला शोधायला निघतात? 'रस्ता बंद'चा फलक बघूनही हॉटेलचे पैसे बुडतील म्हणून पुढे गेलेल्याला. आपल्या नॉन-रिफंडेबल खोलीची किंमत दुसऱ्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने का मोजायची?

आपल्याला हे कळतं खरं तर

गंमत म्हणजे ही अक्कल आपल्याला नवी नाही. कोकण रेल्वेला पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं. गाड्या हळू चालतात, जास्त वेळ घेतात. दरडी कोसळणाऱ्या डोंगराशी वाद घालून उपयोग नाही हे तिथे छापील कागदावर मान्य केलंय. आणि प्रदक्षिणाच म्हणायची तर आपल्याकडची सगळ्यात मोठी कुठली? नर्मदेची. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. त्यात चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी मुक्काम करतात. नदीला पूर आहे, थांबा. संपला विषय. शतकानुशतकं चालत आलेल्या ह्या योजनेत बफर आहे, आणि आपल्या व्ही७ मध्ये नाही!

आपण स्वतः लाव्हावरच राहतो, हेही विसरायला नको. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून आलाय. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जे उभे दगडी खांब दिसतात, त्यांचेच भाऊबंद आइसलँडच्या काळ्या किनाऱ्यावर उभे आहेत. फरक एवढाच की आपला लाव्हा कधीच थंड झाला, तिथला अजून कामावर आहे. त्याच्या घरी जायचं तर त्याच्या वेळेने जायला हवं.

तर मॅनेजर, हे घे रिव्ह्यू कमेंट्स

एक. नोव्हेंबरात पाच दिवसांत रिंग रद्द. फक्त दक्षिण किनारा. रेक्याविकला दोन मुक्काम (एक सुरवातीला, एक शेवटी), आणि विक किंवा क्लॉयस्तुरच्या आसपास एकाच जागी तीन. पूर्वेला योकुल्सारलोनपर्यंत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. पूर्ण रिंगच हवी असेल तर उन्हाळ्यात, निदान दहा दिवस, त्यातले दोन कोरे.

दोन. मधल्या तीन मुक्कामांत एक दिवस रिकामा. कुठला ते आत्ता ठरवायचं नाही, हवा ठरवेल.

तीन. सकाळी चहाच्या आधी हवामान आणि रस्त्यांचा नकाशा. पिवळा इशारा असेल तर वाचून विचार, नारिंगी असेल तर पत्त्यांचा डाव. 'लोकाद' दिसलं तर चर्चा नाही.

चार. शेवटची रात्र रेक्याविकच्याच परिसरात. विमानाच्या दिवशी ३९० किमी गाडी हाणणार हे वाचून मला घाम फुटला.

पाच. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. आई-बाबांचं दार बाहेरून तू उघडायचंस. विम्याचा कागद सही करायच्या आधी वाच. मी वाचला नव्हता.

सहा. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, रेनिस्फ्याराला, धोक्याचा दिवा लावलेला आहे. लाटा अचानक आत येतात, माणसं गेली आहेत. दिवा बघायचा, पाण्याकडे पाठ करायची नाही, आईचा हात सोडायचा नाही.

सात. अंधारात लांबचं ड्रायव्हिंग नाही. ह्यावर मी वाद घालणार नाही. का, ते वर लिहिलंय.

असो. बराच लांबला लेख. हे सगळं काल मी त्याला पाठवलं होतं. आज दुपारी व्ही८ आलं. रिंग गेली! तीन रात्री क्लॉयस्तुरजवळ, बुकिंग रद्द करता येण्याजोगं. (आधीच्या दोन हॉटेलांचे पैसे गेले, त्याबद्दल त्याने मला मनापासून शिव्या घातल्या आहेत.) चौथा दिवस आख्खा पिवळ्या रंगात, आणि पुढच्या रकान्यात साहेबांची नोंद : 'बफर. इथे काय टाकू? सजेस्ट कर.'

काही टाकू नकोस रे! बाबांना विचार हवं तर, पण टाकू नकोस.